एकटीचा खालचा बर्थ

अकोला, १२ जानेवारी

सुंदरा,

जयभीम मागाहून करतो. आधी हिशेब ऐक.

तुझं तिकीट पाचशे पंच्याऐंशी रुपयांचं, असं फूलवाल्या गोदाबाईनं सांगितलं. वरून म्हणाली, स्वस्तात झालं. काय स्वस्तात झालं ते मी सांगतो. मूर्तिजापूरच्या कापसाच्या जिनिंगमधली मोटर मी अर्धी उघडी टाकून परत आलो, कारण तू चार वेळा फोन उचलला नाहीस. ती मोटर आता दुसऱ्या कारागिराच्या टेबलावर पडली आहे. दोन दिवस दुकान बंद. घरी आलो तर तुझा फोन चार्जिंगला लावलेला, आणि तू नाही. रिक्षा करून स्टेशनवर गेलो, सगळे फलाट धुंडाळले, बायकांच्या प्रतीक्षालयात डोकावलो म्हणून तिथल्या बाईनं मला बाहेर काढलं. तोपर्यंत तुझी गाडी नागपूरच्याही पुढे गेली असेल. हे सगळं एकीकडे ठेव. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाल्यावर आपली बायको घरात नाही हे मला चौकातल्या फूलवालीकडून कळलं, ते दुसरीकडे ठेव. आता बेरीज तूच कर.

चिठ्ठी नंतर सापडली. "दीक्षाकडे चालली. दूध तापवलं आहे. वरण कुकरमधी आहे." तीन वाक्यं. मी मोटरीच्या पावतीवर यापेक्षा जास्त लिहितो.

फोन घरी ठेवून गेलीस, दीक्षाच्या फोनवर येत नाहीस. मी केला की आई फिरायला गेली, आई आंघोळीला गेली, आई झोपली. एवढी आंघोळ तर तू आयुष्यात केली नाहीस. म्हणून पत्र. पत्राला आंघोळीला जाता येत नाही.

मला एक सांग, तुझ्या वयाच्या बाईनं अकोल्याहून राउरकेल्यापर्यंत एकटीनं जायचं असतं का? पुरे अठरा तास. रस्त्यात कोणी पिशवी उचलली असती, चहात काही घातलं असतं, बिलासपूरला पाणी भरायला उतरली असतीस आणि गाडी सुटली असती, तर? मी तांब्याच्या तारेसाठी अहमदाबाद, कोइमतूर, लुधियाना एकट्यानं पालथं घातलं आहे. गाडी काय चीज असते ते मला ठाऊक आहे. तुला मूर्तिजापूरच्या पुढे एकटं जायचा सराव नाही.

गेल्या वर्षी दीक्षाकडे जातानाच्या प्रवासाचा राग तू अजून धरून आहेस, हे मला कळतं. मला न कळायला काय झालं? तुला माझ्याइतकं ओळखणारा माणूस या दुनियेत नाही. तू जिना चढतेस तेव्हा चपलेच्या आवाजावरून मी सांगतो, आज डावा गुडघा दुखतो आहे की उजवा. पण गेल्या वर्षी तुला वरचा बर्थ आला, त्यात माझा काय दोष? बर्थ काही मी घरी बनवत नाही.

पत्र पोचताच फोन कर. मी घ्यायला येतो.

धर्मपाल


अकोला, १९ जानेवारी

सुंदरा,

तू फोन केला नाहीस. दीक्षानं केला. ती शाळेतल्या पोरांशी बोलते तशी माझ्याशी बोलली, एकेक शब्द सुटा करून. म्हणाली, "बाबा, आई म्हणते घ्यायला येऊ नका. आली तर एकटी येईन, नाही तर इथंच राहीन." मी म्हटलं, इथंच म्हणजे किती दिवस? तर म्हणते, जावईबापूंनी मागची खोली रिकामी केली आहे, पलंग आणला आहे, खाली संडास आहे, जिना नाही. तू अजून हो म्हटलेलं नाही. पण नाहीही म्हटलेलं नाही.

म्हणजे गोष्ट इथपर्यंत आली. मी सत्तर वर्षांचा माणूस, आणि माझी बायको राउरकेल्यात जिना नसलेल्या खोलीचा विचार करून राहिली.

रागारागात गोदाबाईकडे गेलो. बाई शेवंती मोजत होती. मी विचारलं, तू तिला पळून जायला मदत केलीस का? तिनं मान वर केली नाही. "भाऊ, पळून जाणारी बाई वरण लावून जाते काय?"

मग म्हणाली, तिकीट दोघींनी खिडकीवर जाऊन काढलं. गोदाबाई स्वतः दर वर्षी बहिणीकडे सुरतेला एकटी जाते, तिला सगळं माहीत. फॉर्म तिनंच भरून दिला, तू सही केली. मी म्हटलं, पण एकटीनं काहून? मी मेलो होतो का?

"तिले खालचा बर्थ पायजे होता," गोदाबाई म्हणाली. "तुमी संग असले का तो तुमच्या हातात जाते. एकटीचा असला का तिचा तिच्यापाशी राहाते."

एवढ्यासाठी? "एवढ्यासाठीच," ती म्हणाली, आणि शेवंती पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली, माझ्यामुळे आकडा चुकला म्हणून.

आता तू तिला काय काय सांगितलं आहेस ते मला कळलं, तेव्हा मागच्या पत्रात एक दुरुस्ती करतो. गेल्या वर्षी तुला वरचा बर्थ आला असं मी लिहिलं. आला तो खालचाच होता. दोघांनाही समोरासमोर खालचेच आले होते. पण बडनेऱ्याला तो मनोज ठेकेदार चढला. पाठीचा पट्टा बांधलेला, वरच्या बर्थचं तिकीट हातात. मोठा सज्जन वाटला. कोणत्या तरी पाणीपुरवठा योजनेचे बारा पंप त्याच्या हातात होते, आणि जुन्या मोटरी नवी तार भरून बांधून देणारा भरवशाचा माणूस तो शोधत होता. असा माणूस समोर बसलेला असताना आपण तोंड फिरवून बसायचं का? मी म्हटलं, तुम्ही खाली झोपा, आमच्या बाईला वर चालते. तू काही बोलली नाहीस. बोलायचं होतंस. तू बोलली असतीस तर मी काही तरी केलं असतं.

हे सगळं मी गोदाबाईला नीट समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुमचा काहून नाई देला?"

अशा बाईशी काय बोलायचं. मला दोनदा लघवीला उठावं लागतं, हे मी फूलवालीला चौकात उभं राहून सांगू का?

असो. बारा पंपांतला एकही आला नाही, हेही लिहून टाकतो, म्हणजे तुला ते गोदाबाईकडून कळायला नको.

मी तिकीट काढलं आहे. सत्तावीस तारखेचं, खालचा बर्थ, तेहतीस नंबर. येताना दोघांचं काढू, दोन्ही खालचे, आणि या वेळी प्रत्यक्ष रेल्वेमंत्री आला तरी उठणार नाही. दीक्षाला सांग, त्या खोलीत धान्याच्या कोठ्या ठेव म्हणावं.

धर्मपाल


अकोला, २९ जानेवारी

सुंदरा,

येणं जमलं नाही. अमरावतीला एका मिलची मोटर जळाली, काम निघालं. नागपूरपर्यंत जाऊन परत यावं लागलं. पुढची तारीख बघतो.

इथं सगळं ठीक. कमरेला थोडी लचक आहे, ती थंडीची. तेल कुठे ठेवलं आहेस?

धर्मपाल


अकोला, ५ फेब्रुवारी

सुंदरा,

दीक्षाचा फोन आला. तुझा निरोप दिला: "काम निघालं असतं तर त्याईनं कामाबद्दल दोन पानं लिहिली असती." आणि हेही की, मिल अमरावतीला असली तर माणूस नागपूरला कशाला जाईल.

बरं. तेल सापडलं. आता ऐक.

मोटर खरोखर जळाली होती, ते खोटं नाही. पण ते काम सत्तावीस तारखेला सकाळी दहालाच झालं. मी अमरावतीत, गाडी दुपारची, तिकीट अकोल्याचं. आपल्याकडे सगळे करतात तसा मीही विचार केला. उलटं अकोल्याला कशाला जायचं? तीच गाडी तासाभरानं अमरावतीला लागूनच असलेल्या बडनेऱ्याला येते, तिथंच चढू. सरळ हिशेब. चढायचं स्टेशन बदलून घ्यावं लागतं, चार्ट लागायच्या आधी सांगावं लागतं, हा नियम मला माहीत होता. तुझ्या भावालाही मीच शिकवला, शेजारच्या खुशालरावालाही. दोघांना म्हटलं होतं, विसरलात तर बर्थ जाईल, मग माझ्याकडे रडत येऊ नका. माझ्या स्वतःच्या डोक्यात तो आलाच नाही. डोक्यात तूच होतीस, आणि तुला काय काय सुनावायचं ते.

बडनेऱ्याला चढलो. तेहतीस नंबरवर एक पोरगा पाय पसरून झोपलेला. त्याच्याजवळ पक्कं झालेलं तिकीट. मी आवाज चढवला, टीसी आला. मद्रासी माणूस, पण सभ्य. यादी दाखवली. हिंदीत म्हणाला, "अंकल, अकोल्यात तुमची वाट पाहिली. तुम्ही चढला नाहीत. नियमानं पुढच्याला दिला." मी त्याला नियम समजावायला लागलो. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, नियम तुम्ही अगदी बरोबर सांगितला.

एक बर्थ शिल्लक होता. पस्तीस. वरचा.

समोरच्या खालच्या बर्थवर एक म्हातारी बाई होती, शेगावला चढलेली, माणिकबाई नाव, रायपूरला भावाकडे चालली होती. एकटी. पायाशी एक वळकटी, उशाला पिशवी, चपला पिशवीत घातलेल्या. मी माझी नेहमीची रीत काढली. आधी गाव विचारलं, मग भाऊ काय करतो ते, मग गुडघे कसे आहेत ते. तिचे बरे होते, असं म्हणाली. मला वाटलं, जमलं. मग म्हटलं, आई, माझ्या कमरेला त्रास आहे, तुम्ही जरा वर जाता का, हा पोरगा चढवून देईल.

तिनं मला नीट पाहिलं. "भाऊ, बोलणं लय गोड हाय तुमचं," म्हणाली. "पन मी नाई देत."

मी उभाच. मला वाटलं आता कारण सांगेल. माणूस नाही म्हणाला की कारण देतोच, आणि कारण दिलं की त्यावर बोलता येतं. चाळीस वर्षं मी धंदा असाच केला. ती काही सांगेना. मी म्हटलं, काही अडचण आहे का? तेव्हा म्हणाली, "कारण नाई सांगत मी. सांगतलं का तुमी त्याच्यावर बोलसान."

सुंदरा, इतका राग मला कोणाचा आला नसेल. एकाच गाडीत दोन माणसं, दोघंही म्हातारी, थोडं इकडे तिकडे करायला काय जातं, असं मी मनात म्हणत होतो. आणि तेच म्हणत म्हणत शिडीला हात घातला.

त्या शिडीला तीन पायऱ्या आहेत. पायऱ्या कसल्या, लोखंडी नळ्या. पहिलीवर डावा पाय टाकला. दुसरीवर उजवा. तिथून पुढे शरीर वर ओढायला हातात जोर पाहिजे आणि गुडघा छातीपर्यंत आला पाहिजे. तो आला नाही. खाली येता येईना, वर जाता येईना, डोकं पंख्याला लागलेलं, खालून सगळा डबा पाहून राहिला. तेहतीस नंबरच्या त्या पोरानं उठून मला कंबरेत धरलं आणि खाली उतरवलं. पाच अश्वशक्तीची मोटर टेम्पोतून उतरवतात तसं. कमरेची लचक थंडीची नाही.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

माणिकबाईनं पाय जवळ घेतले आणि पायथ्याशी जागा केली. "बसा. बसाले मी कुठं नाई म्हणलं." बसलो. तिनं डब्यातली ज्वारीची भाकर आणि ठेचा पुढे केला. तू सांगतेस गाडीत कोणाचं खाऊ नका. खाल्लं. मग तिनं विचारलं कुठं चालले, आणि वर्ध्यापर्यंत मी सगळं सांगून टाकलं. ठेकेदार, पंप, बर्थ, चिठ्ठी, खोली. सगळं झाल्यावर दोनच गोष्टी विचारल्या.

"बाई रातभर वर होती?"

हो, म्हटलं.

"सकाळी उतरली कशी?"

मी म्हटलं, मला माहीत नाही, मी झोपलो होतो.

त्यावर तिनं डबा बंद केला आणि खिडकीतून बाहेर पाहत बसली. नागपूर आलं. मी उतरलो. टीसीनं बसायला सांगितलं होतं, बसून गेलो असतो तर सकाळी तुझ्या दारात असतो. पण उतरलो. फलाटावर बाकावर बसून राहिलो, आणि मग अकोल्याची बस धरली.

ते का, ते सांगतो, आणि हे पत्र दीक्षाला वाचायला देऊ नकोस.

मी माणिकबाईशी खोटं बोललो. त्या रात्री मी झोपलो नव्हतो. माझे कान तुला माहीत आहेत. रस्त्यानं जाताना नुसत्या पंपाच्या आवाजावरून बेअरिंग गेलं आहे का ते मी सांगतो. ठेकेदार घोरत होता, तरी मला ऐकू आलं. गोंदियाच्या आसपास तुझ्या बांगड्या दांड्यावर वाजल्या. एकदा. थोड्या वेळानं पुन्हा. मग तुझा पाय नळीवर पडल्याचा आवाज, आणि तू तोंडातल्या तोंडात दाबलेला एक शब्द. तू खाली उतरलीस आणि दाराजवळच्या लोखंडी पेटीवर, कोणाच्या तरी सामानावर, जाऊन बसलीस. तिथून सकाळपर्यंत तू हललीस असा आवाज मला आला नाही. मी उठून माझी जागा द्यायला पाहिजे होती. मला वाटलं, आता उठलो तर ठेकेदार जागा होईल, त्याला वाईट वाटेल, बारा पंप आहेत. मी कूस बदलली.

सकाळी तू मला चहा आणून दिलास. मी विचारलं, झोप झाली का? तू हो म्हणालीस.

तू बोलली असतीस तर मी काही केलं असतं, असं मी मागं लिहिलं. ते काढून टाक.

धर्मपाल


अकोला, १४ फेब्रुवारी

सुंदरा,

या वेळी फोनवर तू स्वतः आलीस. जास्त बोलली नाहीस, पण आलीस. "येते. एकटी. तिकीट तुमी काढा, पन घ्याले येऊ नका," एवढंच. मी काही बोलायच्या आत ठेवलास. चव्वेचाळीस वर्षांत मला बोलू न देणं तुला कधी जमलं नव्हतं. ते राउरकेल्याचं पाणी दिसतं.

तर दीक्षाच्या खोलीचं काय ते तू आणि ती बघा. पलंग चांगला असेल तर ठेवा, तू पुन्हा जाशील तेव्हा लागेल. मी त्यावर बोलणार नाही. दीक्षा म्हणते पुढच्या वेळी तिथून तुला कोलकात्यालाही जायचं आहे, एकटीला. मी त्यावरही बोलणार नाही. ओठ चावून बसलो आहे, हे पत्रात दिसणार नाही म्हणून लिहितो.

तू येशील त्या दिवशी मी स्टेशनवर येणार नाही, तसं तू म्हटलं आहेस. गोदाबाई येईल. माझ्याकडून एवढंच केलं आहे की दुकानाच्या मागची ती मोटरी ठेवायची खोली रिकामी केली. खाट खाली टाकली. जिना चढायचं काम नाही. त्याचा राउरकेल्याच्या खोलीशी काही संबंध नाही, मला बरेच दिवस मोटरी तिथून हलवायच्याच होत्या.

काल रिझर्व्हेशनच्या खिडकीवर गेलो. चांगली रांग होती. पुढचा माणूस दोघांचं तिकीट काढत होता, मी त्याला विचारलं नाही की खालचे मिळाले का. फॉर्म घेतला. राउरकेला ते अकोला. एक प्रवासी. बर्थ, खालचा, तो मी दोनदा गिरवला. चढायचं स्टेशन राउरकेला, ते खाली अधोरेखित केलं, खिडकीवरचा बाबू म्हणाला याची गरज नाही. नाव लिहिलं, सुंदराबाई धर्मपाल सिरसाट. स्त्री. पत्ता, मोबाइल, सगळं. तारखेची जागा तू सांगशील तेव्हा भरीन. तारीख लवकर कळव, मार्चमध्ये गर्दी होते.

धर्मपाल

ता. क. फॉर्म त्यानं परत दिला, आणि तो नुसता तारखेसाठी नाही. नावापुढे वयाचा रकाना असतो. बाबू विचारत होता, मागची रांग बोलायला लागली, मी बाजूला झालो. गेल्या वर्षी मी तिथं साठ लिहिलं होतं, लिहायला सोपं म्हणून. तुझं आधार कार्ड तुझ्याजवळ आहे. गोदाबाईला विचारलं, तिनं त्या वेळी तुझं तुलाच विचारून भरलं होतं, आता तिच्या लक्षात नाही. तेव्हा तारखेबरोबर तेही कळव. तुझं वय किती आहे, ते मला माहीत नाही.